काओर–फिझाक–काओर सायकल फेरी : चढ सोपा, घड्याळ अवघड

भोगावतीच्या काठानं राधानगरीकडं जाणारा रस्ता पहाटे पाचला जसा असतो तसाच दिवसभर राहिला तर? दक्षिण फ्रान्समधल्या लॉत जिल्ह्यात तो तसा राहतो. आपल्याकडं आठ वाजले की खेळ खलास, आणि कारखान्याचा हंगाम असेल तर पहाटही हातची जाते. डबल ट्रॉली रात्रभर चालू, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, आणि बाहेर लोंबणारा ऊस नेमका हँडलच्या उंचीला.

परीक्षण आहे ते काओर या शहरातून निघून लॉत आणि सेले या दोन नद्यांच्या खोऱ्यांतून फिझाकला जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या फेरीचं. अंतर सुमारे १६० किलोमीटर. रस्ता, पाट्या, भाड्याची सायकल, रेल्वे, मुक्काम आणि जेवण असं सगळं धरून गुण द्यायचे तर रस्त्याला दहापैकी साडेनऊ, मुक्कामाला आठ, रेल्वेला सहा आणि शाकाहारी माणसाच्या पोटाला चार. वाघबीळहून पन्हाळा न थांबता चढणाऱ्याला इथला एकही चढ भारी पडणार नाही. तो अडकेल दुपारी साडेबाराला, बंद दुकानासमोर, रिकाम्या बाटलीसकट.

रस्ता एवढा मोकळा का, हे आधी बघू, कारण त्यावरूनच कुठला रस्ता धरायचा ते ठरतं. लॉत जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५,२१७ चौरस किलोमीटर आणि वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास, म्हणजे चौरस किलोमीटरला तेहतीस-चौतीस माणसं. कोल्हापूर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हाच आकडा ५०४ होता. त्यात पॅरिस-तूलूझ ही लांब पल्ल्याची वाहतूक ए २० महामार्ग उचलतो आणि उरलेली बरीचशी जुन्या डी ८२० वर आणि आडव्या डी ९११ वर राहते. नदीकाठच्या रस्त्यांवर उरतात पोस्टाची पिवळी गाडी, ट्रॅक्टर आणि पावाची पिशवी घेऊन परतणारी म्हातारी माणसं. 'डी' म्हणजे जिल्ह्यानं सांभाळलेला रस्ता. देशभरात असे पावणेचार लाख किलोमीटरहून जास्त रस्ते आहेत आणि आडगावातलाही डांबरी असतो. कडेच्या किलोमीटरच्या दगडाला पिवळी टोपी दिसली की समजायचं, डी रस्त्यावर आहोत.

नकाशा मिशेलँचा घ्या, १ : १,५०,००० प्रमाणाचा. लाल रस्ते टाळायचे, पिवळे चालतील, पांढरे सगळ्यांत निवांत. कडेला हिरवी रेघ असेल तर देखावा चांगला. रस्त्यावर बाणाची टोकं काढलेली असतात, ती नीट बघा : एक टोक म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे १३ च्या वर. पांढऱ्या रस्त्यावर दोन टोकं आणि सायकलवर सामान असेल तर तो रस्ता दुसऱ्या दिवसावर ढकलावा. फोनमध्ये जीपीएक्स फाइल (मार्गाची आखणी असलेली) आणि ऑफलाइन नकाशा हवाच, कारण कड्यांच्या मधे रेंज जाते. पण फोन पुढचे दोन किलोमीटर दाखवतो आणि कागद पुढचा चढ. दोन्ही ठेवा.

लॉतच्या काठानं व्ही ८६ हा आखलेला सायकलमार्ग आहे, पाट्या पांढऱ्या-हिरव्या. नावावरून वाटतं तशी ही वेगळी सायकलवाट नाही. बहुतेक ठिकाणी तो साधा गावरस्ताच आहे, गाड्यांबरोबर वापरायचा. हे माहीत नसलेली मंडळी लहान पोरांना घेऊन जातात आणि पहिल्या मोठ्या वळणावरच त्यांना घाम फुटतो. बारा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी लॉआर नदीकाठचा सपाट मार्ग बरा, तिथं गाड्यांपासून तुटलेले लांबलचक पट्टे मिळतात. (हेल्मेटची सक्तीही बारा वर्षांखालीच आहे, २०१७ पासून. मोठ्यांना सक्ती नाही. तरी घालाच.)

आता फेरी. काओरमध्ये वालांत्रे पूल बघून निघायचं. चौदाव्या शतकातला, तीन मनोरे आणि टोकदार कमानींचा, आणि १९९८ पासून स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रामार्गाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत. काओर ते व्हेर हा सुरुवातीचा पंधरा किलोमीटरचा तुकडा फेरीतला सगळ्यांत गजबजलेला. तो सकाळी साडेआठच्या आत उरकला तर तिथं काही वाटत नाही. व्हेरच्या पुढं डी ६६२ नदीला चिकटतो. एका हाताला हिरवं पाणी, दुसऱ्या हाताला चुनखडीचा पांढरा-पिवळा कडा, आणि काही जागी रस्ता कड्याच्या पोटाखालून जातो. तिथं दिवसासुद्धा मागचा दिवा लावा. उन्हातून सावलीत शिरलेल्या चालकाचे डोळे सरावायला क्षणभर लागतो आणि त्या क्षणात तुम्ही त्याला दिसत नाही.

बूझिएसच्या अरुंद पुलावरून पलीकडं गेलं की दोन गोष्टी आहेत. एक, नदीकाठची जुनी ओढवाट. इंजिनं येण्याआधी नावा दोरांनी ओढून नेण्यासाठी कड्यात खोदलेली ही वाट आहे, आणि तिच्या भिंतीवर दानिएल मोनिए या शिल्पकारानं अलीकडच्या काळात शिंपल्या-माशांचं उठावचित्र कोरलंय. ही वाट चालणाऱ्यांची. सायकल हातात धरून न्यायची, तीही पाऊस होऊन गेला नसेल तरच. दुसरी गोष्ट म्हणजे डी ४० चा चढ. तो सें-सिर्क-लापोपीला वळसे घेत जातो आणि वाटेत बांकारेलच्या कठड्यावरून नदीचं अख्खं वळण एका नजरेत दिसतं. गाव नदीपासून शंभरेक मीटर वर, कड्याच्या टोकाला, जोतिबाच्या पायऱ्यांवरची घरं अजून तिरपी केली तर जसं दिसेल तसं. २०१२ मध्ये फ्रेंच लोकांनी मतदानानं त्याला देशातलं आवडतं गाव ठरवलं आणि तेव्हापासून सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच तिथं पाय ठेवायला जागा नसते. मुक्कामाला राहा, संध्याकाळी सहानंतर गाव तुमचंच. गल्ल्या गोट्यांच्या आणि उताराच्या आहेत, सायकल वर ठेवून चालत उतरा. पलीकडून, तूर-द-फोरच्या बाजूनं येणारा चढ छोटा पण उभा आहे. सामान असेल तर डी ४० नंच चढा.

दुसऱ्या दिवशी परत खाली उतरून कोंद्युशेला डी ४१ धरायचा. इथं सेले नदी लॉतला मिळते आणि या फेरीचा खरा जीव इथून पुढं आहे. सेलेच्या खोऱ्यात चुकायला दुसरा रस्ताच नाही. काब्रेरे, सोलियाक, मार्सियाक, ब्रेंग, एस्पान्याक अशी दगडी घरांची गावं आठ-दहा किलोमीटरनं येत राहतात. काब्रेरेच्या वर पेश मेर्लची गुहा आहे. १९२२ मध्ये गावातल्या दोन पोरांना ती सापडली. आत ठिपक्यांचे दोन घोडे आहेत, सुमारे २९,००० वर्षांपूर्वी काढलेले, आणि ही नक्कल नाही, मूळ चित्रं आहेत. म्हणूनच दिवसाला ७०० जणांनाच आत सोडतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऐनवेळी तिकीट मिळणं अवघड, आधी काढून ठेवा. आत तापमान १२ अंश. घामानं भिजलेल्या जर्सीवर तासभर तिथं उभं राहायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी घसा धरलाच. कोरडा टी-शर्ट आणि विंडचीटर हँडलच्या पिशवीत वरच ठेवा. गुहेचा चढ छोटा, पण अंगावर येणारा.

कोंद्युशेहून फिझाककडं जाताना आपण नदीच्या वरच्या अंगाला चाललेलो असतो, तरी पन्नास किलोमीटरमध्ये उंची साठ-सत्तर मीटरच वाढते. दिशा पूर्वेची ठेवण्याचं कारण वारा. तो बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि पाठीवर राहतो. आग्नेयेकडून ओतां नावाचा वारा सुटला तर हा हिशेब उलटतो; अशा दिवशी फेरी उलटी करायला काही हरकत नाही. फिझाक जवळ आलं की वाहतूक वाढते, चारनंतर जास्तच. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शांपोलियाँ १७९० मध्ये या गावात जन्मला. त्याच्या घराशेजारच्या चौकात, त्या लिपीची किल्ली ठरलेल्या रोझेटा दगडाची अवाढव्य प्रतिकृती फरशीसारखी जमिनीत बसवलीय, लोक तिच्यावरून चालतात. शनिवारी बाजार असतो. शनिवारी सकाळी तिथं असाल असं बघून बाकीचे दिवस मागे मोजा.

परतीला फिझाकहून फेसेलच्या धारेवर शे-सव्वाशे मीटर चढून लॉतच्या खोऱ्यात उतरायचं. मग काझार्क, तिथून पुढं उत्तरेच्या काठानं डी ६६२ किंवा काल्विन्याकजवळ पूल ओलांडून दक्षिणेचा डी ८. दक्षिणेचा काठ थोडा वर-खाली, पण दहा मिनिटांत दोन गाड्या. आमचं मत दक्षिणेच्या काठाला. काओर ते सें-सिर्क ३०, तिथून मार्सियाक गुहेसकट २५, मार्सियाक ते फिझाक ३५, फिझाक ते काओर ७० च्या आत-बाहेर अशी चार दिवसांची मांडणी जमते. शेवटचा दिवस काझार्कला तोडला तर पाच. दोनशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) साडेतेरा तासांत मारणारी आपली मंडळी हे वाचून हसतील. एका दिवसात होतंच हो. पण मग गुहा, बाजार आणि संध्याकाळचं सें-सिर्क ही तिन्ही सोडून फक्त डांबर बघून यायचं.

एक सूचना पठाराची. खोऱ्यातून वर गेलं की 'कोस' नावाचं चुनखडीचं पठार लागतं, खुरटी ओकची झाडं आणि दगडी बांध. फिरायला छान, पण पाऊस दगडातून सरळ खाली मुरतो, त्यामुळं वर ओढा-विहीर शोधून सापडत नाही. आपल्या काळ्या दगडाच्या डोंगरात पाणी झिरपत बाहेर येतं, ती सवय इथं चालत नाही. वर जाताना माणशी दोन लिटर घ्या. खोऱ्यात मात्र भरवशाची जागा म्हणजे दफनभूमी. फुलांना पाणी घालायला तिथं नळ असतो. 'पोताब्ल' लिहिलं असेल तर पिण्याचं, 'नों पोताब्ल' असेल तर हातपाय धुवायचं.

रस्त्याला पूर्ण दहा का नाहीत, तर खडीमुळं. उन्हाळ्याच्या महिन्यांत जिल्हा रस्त्यांची डागडुजी करतो ती अशी : आधी गरम डांबर फवारायचं, त्यावर बारीक खडी पसरायची, थोडा रोलर फिरवायचा आणि उरलेलं दाबण्याचं काम गाड्यांच्या चाकांवर सोडायचं. चाकोरीत खडी बसते, पण मधल्या पट्ट्यात, कडेला आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला ती कित्येक दिवस सुटी पडून असते. म्हणजे नेमकी सायकलच्या जागी. पिवळ्या फळीवर 'ग्राव्हियाँ' दिसलं की ब्रेक वळणाच्या आधी मारून सोडून द्यायचे, सायकल सरळ उभी ठेवायची, वळणात ना ब्रेक ना पायडल, आणि गाडी मागं नसेल तर चाकानं घासलेल्या पट्ट्यात जायचं. गाडी शेजारून गेली की खडी उडते, चष्मा डोळ्यांवर हवा. नवीन डांबर कडक उन्हात पाझरतं आणि टायरला चिकटतं, मग त्याच टायरला खडी चिकटते आणि कुठंतरी आत घुसते. थांबून टायरवरून हात फिरवून खडे काढले तर पंक्चर वाचतं. एवढ्यासाठी ३२ मिलिमीटरच्या खाली टायर नको. माणूस, सायकल आणि सामान मिळून नव्वदेक किलो असेल तर ३२ च्या टायरला पुढं ५५ आणि मागं ६० पीएसआयच्या आसपास हवा पुरते. आपल्याकडं शंभर मारायची खोड आहे, ती घरी ठेवून जा.

सायकल इथून न्यावी की तिथं भाड्यानं घ्यावी? चार-पाच दिवसांसाठी भाड्याची, असं आमचं स्पष्ट मत आहे. खोक्यासकट सायकल २३ किलोच्या आत बसवणं, कोल्हापूर ते मुंबई बसच्या पोटात ती आडवी ठेवणं आणि पुढं विमान, रेल्वे असं तीनदा उचलणं, त्यात गिअर लटकतो तो हँगर वाकतोच. नेणारच असाल तर पायडल काढा (डाव्याचा आटा उलटा असतो, विसरलात तर जोर लावून खराब कराल), मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हँगरवरून सोडून फ्रेमच्या आत बांधा, फॉर्कमध्ये आणि डिस्कच्या पॅडमध्ये अडसर घाला आणि तुमच्या फ्रेमचा जादा हँगर सोबत ठेवा. हँगर फ्रेमनिशी वेगळा असतो, फिझाकच्या दुकानात तुमचा असेलच असं नाही. खोकं आडवं ठेवताना गिअरची बाजू वर. बॅटरीची सायकल विमानात विसरा, ती तिथंच भाड्यानं मिळते.

भाड्याच्या सायकलीत बहुधा 'व्हेतेसे' देतात, म्हणजे सरळ हँडलची, कॅरिअर आणि मडगार्डची, रुंद टायरची. ताब्यात घेताना ब्रेकपासून सुरू करा. आपल्याकडं उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिथं बहुतेक सायकलींना डाव्या हाताला. नेहमीच्या सवारीत फरक जाणवत नाही. कुत्रं आडवं आलं की जाणवतो : उजवा हात आवळला की मागचं चाक घसरतं, डावा जोरात आवळला की माणूस हँडलवरून पुढं. केबलचे ब्रेक असतील तर दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून बाजू बदलून घेता येते, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. तेलाचे असतील तर नळ्या सोडाव्या लागतात, तो तयार होणार नाही. मग रिकाम्या पार्किंगमध्ये वीसेक वेळा थांबून बघा आणि डाव्या लिव्हरला चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. बोटाला खरखर लागली की आठवण होते.

मग गिअर. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पुढचे आणि मागचे दात सारखे हवेत, ३४ ला ३४ किंवा त्याहून हलके. हिशेब असा : ३४-३४ ला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.१ मीटर जाते, मिनिटाला ७० फेऱ्या धरल्या तर ताशी ८.८ किलोमीटर. सगळं मिळून ९५ किलो असताना ८ टक्के चढावर याला सुमारे २०० वॅट लागतात. मागं २८ चंच चक्र असेल तर त्याच फेऱ्यांना वेग १०.७ होतो आणि वॅट २४० च्या घरात जातात. हे चाळीस वॅट पहिल्या दिवशी कुणीही देईल, चौथ्या दिवशी गुडघे मागतात.

ट्यूबचं माप टायरच्या भिंतीवर वाचा. '३७-६२२' म्हणजे रुंदी ३७ मिलिमीटर आणि रिमचा व्यास ६२२, आपली नेहमीची ७००सी. फ्रान्समध्ये ६५०बी हे जुनं मापही चालतं, त्याचा आकडा ५८४. दिसायला जवळपास सारखं, पण बसत नाही. व्हॉल्व्ह बारीक आहे की मोटारसारखा, आणि दुकानानं दिलेला पंप त्याला लागतो का, हे दुकानाच्या दारातच हवा भरून बघायचं. पिशव्यांचे हूक कॅरिअरच्या नळीवर कट्‌कन बसायला हवेत. खुळखुळत असतील तर मधला रबरी तुकडा मागा, नाहीतर खडीच्या पहिल्या पट्ट्यात पिशवी चाकात जाईल. ओरखड्यांचे फोटो दुकानदारासमोर काढा. अनामत कार्डावर अडकवतात आणि ती सुटायला वेळ लागतो.

रस्त्याचे नियम सांगायचे तर उजवीकडून चालवायचं हे सगळ्यांना माहीत असतं. गंमत अशी की गर्दीत कुणी चुकत नाही, समोरच्याच्या मागं जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, न्याहारी करून निघताना, पहिल्या वळणाला. आणि हा तर सगळाच रस्ता रिकामा! सकाळी निघताना दोघांनी एकमेकांना मोठ्यानं 'उजवी' म्हणायचं. आरसा डाव्या बाजूला हवा, इथून नेलेला उजव्या टोकाचा आरसा काही कामाचा नाही.

दुसरा नियम जास्त धोक्याचा. गावाची लाल चौकटीची पांढरी पाटी ओलांडली की, कुठलीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जायचा हक्क असतो. तुम्ही मोठ्या रस्त्यावर आणि तो बोळातून येत असला तरी. तो थांबत नाही आणि चूक त्याची नसते. पिवळ्या चौकोनाची तिरपी पाटी असेल तर हक्क तुमचा, तिच्यावर काळी रेघ मारली की संपला. हॉर्नची सवय असलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला दोन दिवस जातात. गोल चौकात आत असलेल्याला प्राधान्य. गाडीनं ओलांडताना गावात एक आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडायचं असतं, आणि खरंच सोडतात. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट सक्तीचं. कानात इयरफोन दिसला तर १३५ युरो दंड.

आता घड्याळ. दुकानं दुपारी बाराला, फार तर साडेबाराला बंद होतात आणि दोन-तीननंतर उघडतात. रविवारी दुपारनंतर सगळं बंद, सोमवारी कित्येक ठिकाणी दिवसभर. सायकलची दुकानंही बहुधा सोमवारी बंद, म्हणजे रविवारी दुपारी स्पोक तुटला की मंगळवार उजाडतो. दोन स्पोक, चेनची एक सुटी कडी आणि ब्रेकचे पॅड हा त्यावरचा विमा. हॉटेलात दुपारचं जेवण बारा ते दीड. पावणेदोनला गेलात तर खुर्ची मिळेल, कॉफी मिळेल, जेवण नाही. विनवण्या करून उपयोग नाही, स्वयंपाकी घरी गेलेला असतो. रात्रीचं सात-साडेसातला सुरू, नऊला स्वयंपाकघर बंद. जूनमध्ये उजेड रात्री साडेनवापर्यंत असतो आणि तोच फसवतो : ऊन दिसतंय म्हणून अजून वीस किलोमीटर मारले की उपाशी झोपायचं. सकाळी साडेअकराला जे गाव येईल तिथं पाव, चीज, टोमॅटो, केळी घ्यायची आणि एकला नदीकाठी बसायचं, एवढं पाळलं तर निम्मी भांडणं होत नाहीत. सेलेच्या खोऱ्यात सगळ्या गावांत दुकान नाही. काब्रेरे किंवा मार्सियाकला बघून ठेवायचं आणि फिझाकपर्यंतचं सोबत घ्यायचं. मे महिन्यात १, ८ आणि असेन्शनचा गुरुवार अशा सुट्ट्या येतात, त्या दिवशी रविवारचाच नियम.

जेवणाला चार गुण का? या भागाचं सगळं खाणं बदकावर चालतं. मीठ लावून त्याच्याच चरबीत मंद शिजवलेली तंगडी मांसाहारी माणसाला आवडेल. तिखट शून्य, पण मांस हाडावरून सुटतं. शाकाहारी माणसानं मात्र सावध राहावं. बटाटे बदकाच्या चरबीत परततात, कीशमध्ये (अंडी-मलई घालून भाजलेल्या खाऱ्या टार्टमध्ये) डुकराचे तुकडे असतात आणि 'केर्सीचं', म्हणजे याच भागाचं, सॅलड म्हणून हिरवा पाला मागवला तर त्यात बदकाची पेठी निघते. नुसतं 'वेजेतारियँ' म्हणून भागत नाही, मासा चालेल असं समजतात. 'सां व्यांद, सां प्वासों' म्हणा, म्हणजे मांस नको, मासा नको. अंडं चालत असेल तर ऑम्लेट कुठंही मिळतं. गरम बकरी-चीज घातलेलं सॅलड चांगलं, त्यात रोकामादूरची पस्तीसेक ग्रॅमची गोल चकती असते, पण कडक पाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, ती प्राणिज विरजणानं बनते. कांदा-लसूण चटणीची छोटी डबी न्या, ऑम्लेटला माणसात आणते. पेढे, तूप, खवा मात्र नेऊ नका. बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे आणि विमानतळावर ते कचऱ्यात जातात.

मुक्कामाला आठ गुण दिले ते यात्रेकरूंच्या कृपेनं. सांतियागोच्या पायी वाटेचा एक फाटा सेलेच्या खोऱ्यातून जातो, त्यामुळं छोट्या गावांतही 'जीत देताप' नावाच्या सामायिक खोल्या आहेत. आपल्या वारीतल्या मुक्कामासारखंच : नऊला निजानीज, सहाला पिशव्यांची खसखस. अंथरायची चादर सोबत लागते आणि ढेकणांच्या भीतीनं पिशवी पलंगावर ठेवू देत नाहीत. जरा सोय हवी असेल तर 'शांब्र दोत', म्हणजे घरगुती खोली आणि न्याहारी. सांगून ठेवलं तर रात्री घरच्यांबरोबर जेवणही, आणि शाकाहारी माणसाला चांगलं जेवण मिळायची जागा हीच. 'आकय वेलो' ही पाटी असेल तर सायकलला कुलूपबंद जागा, पंक्चरचं साहित्य आणि धुवायला पाणी मिळतं. ही पाटी आखलेल्या सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आतल्या जागांनाच देतात. यात्रेकरूंच्या पिशव्या पुढच्या गावी पोचवणाऱ्या गाड्या सायकलवाल्यांचंही सामान नेतात. सकाळी न्याहारीआधी पिशवी खाली ठेवायची आणि हलकं निघायचं. पैसे द्यावेत अशी ही एक सोय.

रेल्वे. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकाहून काओरला इंतेरसिते ही लांब पल्ल्याची गाडी पाच तासांच्या थोडं वर घेते. तूलूझहून स्थानिक गाडी, दीड तासाच्या आत-बाहेर. इंतेरसितेत उभ्या सायकलला १० युरोंचं आरक्षण सक्तीचं आणि जागा मोजक्याच, सुट्टीत आपल्या तिकिटाआधी सायकलची जागा संपते. म्हणून तिकीट काढताना सायकल त्याच वेळी जोडायची, नंतर जोडू म्हणालात की फसलात. स्थानिक गाड्यांत जागा असेल तर घेतात, हंगामात काही मार्गांवर आरक्षण लागतं. काओर ते फिझाक थेट रेल्वे नाही. अर्ध्यात काही बिघडलं तर 'गाडीनं परत जाऊ' हा पर्याय धरू नका. भाड्याची सायकल काओरलाच घेऊन काओरलाच द्यायची असेल तर रेल्वेत सायकल चढवायचा प्रश्नच उरत नाही, हा भाड्याच्या बाजूचा आणखी एक मुद्दा.

व्हिसाचा अर्ज पुणे किंवा मुंबईच्या केंद्रातून, फी ९० युरो, तीस हजार युरोंचा विमा सोबत. मुक्कामांच्या नोंदी दाखवाव्या लागतात, त्यामुळं आधी रद्द करता येणाऱ्या खोल्या, मग व्हिसा, मग गुहा आणि रेल्वे असा क्रम ठेवा. महिना सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा पस्तिशीच्या वर जातो आणि डी ६६२ वर सुट्टीच्या गाड्या येतात. मे-जून चांगलाच, पण खडीचं काम तेव्हाच जोरात. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फ्रेंच पोरं शाळेत गेलेली असतात, काओरच्या मळ्यांत द्राक्षतोडणीची गडबड सुरू होत असते, आणि इकडं ऊसतोडीला अजून महिनाभर अवकाश असतो, म्हणजे जाण्याआधीचा सरावही आपल्या रस्त्यांवर ट्रॉलीविना उरकता येतो.